मागायचं नसतं ते मागायला बदलापूरला

आमच्या गावच्या वाचनालयाचा वार्षिक अंक निघतो. त्यात दरवर्षी कुणीतरी काशीवर लिहितं, कुणी कन्याकुमारीवर, नाहीतर मुलाकडे दुबईला राहून आलेले असतात ते दुबईवर. यंदा चिटणीसांनी मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, मी बदलापूरवर लिहितो. ते हसले. "तात्या, बदलापूर हे काय प्रवासवर्णनाचं गाव आहे?" मी म्हटलं, छापा नाहीतर ठेवून द्या, मला दुसरं गाव माहीत नाही.

मी वीज मंडळात वायरमन होतो. संगमेश्वर तालुक्यातल्या वाड्यांमधून खांबावर चढण्यात नोकरी गेली. माझा मुलगा निलेश. त्याला लहानपणापासून ऊन सोसायचं नाही. पाच-दहा मिनिटं उन्हात उभा राहिला की हाताला आग लागल्यासारखा ओरडायचा, बोटं सुजायची. आम्ही पित्त म्हटलं, कोकम चोळलं, नवस केले. बारा वर्षांचा असताना मी त्याला भर दुपारी शिडी धरायला उभं केलं आणि तो रडला तेव्हा चार माणसांत त्याला भित्रा म्हणालो. त्या संध्याकाळी त्याची बोटं केळ्यासारखी सुजली होती. त्याची मला आजही लाज वाटते आणि ती वाटत राहावी असंच मला वाटतं.

सत्ताविसाव्या वर्षी त्याला कावीळ झाली ती उतरेना. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा पोर्फिरियाच्या जातीचा आजार आहे. हाडांच्या आत, जिथं रक्त बनतं तिथं, एक पदार्थ जास्त तयार होतो. तो कातडीत गेला की ऊन जाळतं आणि यकृतात साचला की यकृत निकामी होत जातं. नुसतं यकृत बदलून भागणार नाही, कारण नवंही तसंच खराब होईल. त्याचं यकृत तग धरून आहे तोवर हाडातला मगज, म्हणजे बोन मॅरो, दुसऱ्या कुणाचा तरी घालावा लागेल. आमचं नवराबायकोचं अर्धंच जुळलं. पूर्ण जुळलं तर सख्ख्या भावंडाचं जुळतं, तेही चारात एकदा.

"भावंडं किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकटाच आहे," मी म्हणालो.

बाहेर आल्यावर बायको, सुनंदा, भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "एकटा न्हाय हो तो."

निलेश तीन वर्षांचा असताना आम्हाला मुलगी झाली होती. माझी थोरली बहीण शालूताई, लग्न होऊन अंबरनाथला गेलेली, तिला दहा वर्षं मूल नव्हतं. सुनंदानेच विषय काढला होता. बारशाच्या दिवशी तांदूळ, नारळ आणि त्यावर ती बारा दिवसांची पोर, अशी आम्ही ताईच्या ओटीत घातली. आमच्याकडे त्याचा नियम आहे: ओटीत घातलेलं परत मागायचं नसतं, त्याची आठवणही काढायची नसते. मुलीचं नाव प्राची. ती मला मामा म्हणते. चोवीस वर्षं आम्ही तो नियम पाळला. सुनंदाने तर इतका पाळला की लग्नकार्यात ती प्राचीला कधी स्वतःहून जवळ घ्यायची नाही.

निघताना सुनंदाने मला एकच सांगितलं. "मागू नका. नुसतं सांगा. पुढचं ताईंवर सोडा."

शनिवार, बदलापूर

बहिणीकडे रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून एक कापा फणस, आमसुलं आणि कुळथाचं पीठ घेतलं होतं. फणस पनवेलच्या अलीकडेच पिकला. एसटीत त्याचा असा काही दरवळ सुटला की मागच्या बाकावरच्या एका बाईने "कुणाचा हाय तो, कापा तरी" म्हणून सरळ मागणीच केली. बदलापूरला पोचेपर्यंत माझ्या पिशवीला पाझर फुटला होता आणि धोतराला चीक लागला होता. तेल मागून हात पुसत मी बहिणीच्या दारात उभा राहिलो. इतकी लाजिरवाणी एन्ट्री, हा त्या गावातला शब्द, मी कुठेच घेतली नव्हती.

भावोजी कारखान्यात फिटर होते. ते नोकरीत असेपर्यंत ही मंडळी अंबरनाथला क्वार्टर्समध्ये राहायची. ते निवृत्त झाल्यावर बदलापूरला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आणि त्यानंतर दोन वर्षांत ते गेले. आता ताई आणि प्राची दोघीच. ताई साड्यांना फॉल-पिको करते. घरात मशीन, गादीवर साड्यांचे ढीग, आणि गॅलरीत एक तुळस आणि एक कढीपत्ता.

बदलापूर आता आमच्या कोकणी माणसांचंच गाव झालं आहे. खाली वाण्याकडे कोकम आगळ, शेजारी खेडचे, वर लांज्याचे. पण एक फरक मला जाणवला. आमच्याकडे पाहुणा आला की पहिल्यांदा विचारतात, "जेवलास काय?" इथं विचारतात, "परत कधी जाणार?" त्यात वाईट काही नाही. सगळे घड्याळावर जगतात, त्यांना तुमच्यासाठी वेळ काढायचा असतो म्हणून आधी हिशेब विचारतात. ताईनेही तेच विचारलं.

"कवा जानार?" म्हणाली.

"बघू," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. लहानपणी माझ्या खिशात चोरलेल्या कैऱ्या आहेत हे ती असंच बघून ओळखायची. मग फणस कापायला बसली. दोन तासांत अर्ध्या इमारतीला गरे पोचले.

रविवार, जांभूळ

बदलापूरजवळ जांभूळ नावाचं गाव आहे. तिथं कारखान्यांच्या वसाहतीला पाणी पुरवणारं केंद्र आहे आणि प्राची तिथल्या प्रयोगशाळेत पाणी तपासते. रविवारी दुपारपर्यंत तिची ड्यूटी होती. "मामा, घरी बसून काय करणार, चला माझ्याबरोबर," म्हणाली आणि मला स्कूटीवर मागे बसवून घेऊन गेली. खांबावर मी कधी घाबरलो नाही. तिच्या मागे बसून मात्र मी वाटेतले सगळे देव आठवले.

मला आत सोडणार नव्हते, म्हणून मी फाटकाबाहेर वडाखाली बसलो. जवळच एक म्हातारी पानांच्या द्रोणांत जांभळं घेऊन बसली होती. मे संपत आलेला, जांभळं टपोरी. तिने मला न विचारता एक मूठभर दिली. "खा रं बाबा. गावचा दिसतंस." मी कसा ओळखू आलो ते विचारलं तर म्हणाली, "शहरातली मान्सं आधी धुवायला पानी मांगतान."

बाराच्या सुमारास प्राची बाहेर आली. आता खरं सांगतो, मी त्या गावात गेलो होतो ते या क्षणासाठी. डॉक्टरांनी म्हटलं होतं की बहिणीलाही हा आजार नाही ना हे आधी तपासावं लागेल. तपासणी रक्ताची असते, पण बापाचे डोळे थांबत नाहीत. प्राची उन्हात उभी राहिली. डोक्यावर ना रुमाल, ना ओढणी. म्हातारीशी द्रोणाच्या भावावरून तिचं जे काही चाललं ते चांगलं दहा-पंधरा मिनिटं चाललं, आणि मी वडाखाली बसून तिचे उघडे हात बघत होतो. ते लाल झाले नाहीत. सुजले नाहीत. तिने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला आणि एक जांभूळ तोंडात टाकलं. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला मी उगाच खोकत बसलो.

"मामा, कालपासून माझ्या हाताकडे काय बघताय?" ती जवळ येऊन म्हणाली. जीभ जांभळी झालेली.

"ऊन लागत नाही का गं तुला?"

"निलेशदादाला लागतं तसं? नाही." मग तिने मला बाजूला सरकवून वडाखाली बैठक मारली. "दादाचं तुम्हाला कुणी नीट समजावलंय का?"

मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलं, पण अर्धं इंग्रजीत.

"उद्या आई तुम्हाला अंबरनाथच्या देवळात नेईल ना, तिथं वालधुनी नदी बघा. वर कारखाने आहेत. खाली नदीत गाळ. आता नदी कितीदा उपसा, वरून येतंय तोवर परत भरणार. दादाचं लिव्हर म्हणजे ती नदी आहे. कारखाना हाडात आहे."

"मग कारखाना बंद केला तर?"

"बंद कसा करणार मामा, रक्त तिथंच बनतं. नीट चालणारा दुसरा बसवायचा. तेच ट्रान्सप्लान्ट."

मुंबईच्या डॉक्टरांनी दोनदा चित्र काढून सांगितलेलं मला त्या दिवशी वडाखाली कळलं. मी विचारलं, तुला हे एवढं कुणी सांगितलं. ती म्हणाली, "दादानेच. आम्ही रोज बोलतो की फोनवर." मग स्कूटीला किल्ली लावली आणि मला म्हणाली, "घट्ट धरा." यापुढे काही विचारायचा मला धीर झाला नाही.

सोमवार, अंबरनाथ

सोमवार म्हणून ताईने मला शिवमंदिरात नेलं. काळ्या दगडाचं, फार जुनं देऊळ. भिंतीवर इतकं कोरलेलं की माणसाने एक कोपरा बघावा आणि घरी जावं. गाभारा जमिनीखाली आहे. सवय नसलेला माणूस पायऱ्या उतरताना हमखास अडखळतो, मीही अडखळलो, आणि मागच्या पोराने "बाबा, संभालके" म्हणून माझा दंड धरला. आमच्या गावात देवाला चढून जावं लागतं. इथं उतरून जायचं. खाली थंड होतं आणि बेलाचा वास होता. मी पिंडीपुढे हात जोडले आणि काय मागायचं ते मला सुचेना, कारण जे हवं होतं ते देवाच्या हातात नव्हतं, माझ्याशेजारी पदर सावरून उभी होती तिच्या हातात होतं.

बाहेर आम्ही ओट्यावर बसलो. नदीकडून वास येत होता. ताई म्हणाली, क्वार्टर्समध्ये असताना ती प्राचीला पहिल्यांदा इथंच घेऊन आली होती, बारशानंतर आठ दिवसांनी. "थंडीचे दिवस व्हते. तुज्या भावोजींनी सोताचा स्वेटर काढून हिला गुंडाळली." तिने स्वतःहून ती आठवण काढली तेव्हा मला वाटलं, आता बोलावं. आणि मी बोललो. सुनंदाने सांगितल्याप्रमाणे नुसतं सांगायला सुरुवात केली. आजार सांगितला, यकृत सांगितलं, हाडातला मगज सांगितला, चारात एकदा जुळतं ते सांगितलं. पण माझा आवाजच असा झाला होता की सांगणं कधी संपलं आणि मागणं कधी सुरू झालं ते मलाही कळलं नाही.

ताई चौतीस वर्षं या अंबरनाथ-बदलापूरकडे आहे. भाजीवाल्याशी हिंदी बोलते, बँकेत इंग्रजी शब्द टाकते. पण रागावली की ती सरळ आमच्या वाडीत जाते.

"म्हंजे फनस त्याच्यासाठी आनलास व्हय," ती म्हणाली.

मी हातातलं बेलाचं पान चुरत बसलो.

"तेव्हा दिलीस ना? का ठेवायला दिली व्हतीस? आता हाडं मागाया आलास. उद्या काय मागशील?"

"ताई, निलेश मरंल."

"माजी मेली तर?" असं म्हणून ती थांबली, आणि मग एकदम आवाज खाली आला. "सुई खुपसून हाडातला काढनार. तिला काय झालं तर मला कोन हाय रे? तुला सुनंदा हाय. तुमी दोगं हाव. मी त्या फ्लॅटात एकटी कुनाची वाट बघू?"

तिचं काहीही चुकत नव्हतं. मी माझ्या मुलासाठी तिच्या मुलीला मागत होतो, आणि ज्या नियमावर तिने चोवीस वर्षं विश्वास ठेवला तो मोडत होतो. माझी मान वर होईना. मी म्हटलं, "चुकलो. उद्या सकाळच्या गाडीनं जातो."

"जा," ती म्हणाली. मग उठून पदर झटकला. "पन आदी उल्हासनगरला माल पोचवायचा हाय. दोन बोचकी जड हायत. ती उचलायला चल, मंग जा."

त्या संध्याकाळी आम्ही तिघं कुळथाचं पिठलं आणि भात जेवलो. प्राची ऑफिसातल्या कुणाची तरी नक्कल करून दाखवत होती आणि ताई हसत होती. मी हसण्याचा प्रयत्न केला.

मंगळवार, उल्हासनगर

उल्हासनगरमध्ये वाड्या नाहीत, कॅम्प आहेत. फाळणीनंतर सिंधी मंडळींना जिथं ठेवलं ते कॅम्प, आणि आजही माणसं पत्ता सांगताना कॅम्पचा नंबर सांगतात. बाजार इतका दाट की जीन्सच्या विजारींच्या भिंतींतून वाट काढत जावं लागतं. आणि वर तारा. एकेका खांबावर इतक्या तारा गुंडाळलेल्या की कावळ्याला बसायला जागा नाही. माझी इथं बदली झाली नाही याबद्दल मी मनातल्या मनात साहेबांचे आभार मानले.

ताई ज्यांचं काम करते त्या मोहिनीभाभींचं साडीचं दुकान होतं. गोऱ्या, लठ्ठ, चष्मा कपाळावर. आम्ही बसलो न बसलो तोच पुढ्यात भाजलेला पापड आणि पाण्याचा ग्लास आला. आमच्याकडे पाहुण्याला गूळ-पाणी, त्यांच्याकडे पापड-पाणी. उन्हातून आलेल्या माणसाला खारट पापड आणि वर गार पाणी, हे मी गावी येऊन सुरू केलं आहे. सुनंदा हसते, पण खाते.

भाभींनी साड्या मोजल्या नाहीत, ताईकडे पाहिलं. "अड़ी शालू, मुँह क्यों उतरा है?"

जे ताईने मला देवळाजवळ रागाने सांगितलं ते तिने भाभींना रडत सांगितलं, आणि तेही हिंदीत. "भाई का लड़का बीमार है. लिवर खराब हो रहा है. मेरी लड़की का हड्डी के अंदर का माँगता है." परक्या भाषेत माणूस जरा मोकळा होतो असं मला वाटतं. घरची भाषा वापरली की तिच्याबरोबर घरचे सगळे येऊन बसतात.

मला वाटलं भाभी दचकतील. त्या म्हणाल्या, "बोन मॅरो? तो बोल ना." आणि शेजारच्या दुकानदाराला हाक मारून त्यालाही सांगितलं, "इनके यहाँ बोन मॅरो का है." तो मान डोलवून म्हणाला, "सगा भाई-बहन है तो टेन्शन नहीं." मी थक्क झालो. आमच्या तालुक्याच्या गावी हा शब्द दोन डॉक्टरांना विचारून मला नीट सांगता आला नव्हता, आणि इथं तो वाण्याच्या दुकानातल्या साखरेसारखा बोलला जात होता.

मग भाभींनीच सांगितलं. त्यांच्या समाजात थॅलेसेमिया पुष्कळ घरांत आहे. मुलांना आयुष्यभर रक्त भरावं लागतं आणि त्या रक्तातलं लोखंड यकृतात साचत जातं. त्यांचा मोठा मुलगा तसाच होता. लग्न जमवताना आमच्याकडे पत्रिका बघतात, त्यांच्याकडे बरीच घरं आता रक्ताचा रिपोर्ट मागतात. "हमने नहीं माँगा था," त्या म्हणाल्या, "इसलिए भुगता." मुलाला धाकट्या बहिणीचा मॅरो दिला. मुलगा आता कॉलेजात आहे.

"आणि मुलगी?" ताईने विचारलं. तिला फक्त तेवढंच विचारायचं होतं.

भाभींनी माळ्याकडे तोंड करून हाक मारली. "खुशी." तेरा-चौदा वर्षांची एक पोरगी, तोंडात पेन्सिल, केसांना रबर, शिडीवरून धडाधड खाली आली. भाभी म्हणाल्या, "इनको बता, तेरा मॅरो निकाला तो क्या हुआ."

"कुछ नहीं हुआ," ती म्हणाली. "मैं छोटी थी. सुला दिया था. बाद में दो-तीन दिन कमर दुखी, बस."

ताईने तिला जवळ ओढलं, तिच्या कमरेवरून हात फिरवला, जणू तिथं खड्डा सापडेल. "भाई ने काय दिलं तुला मग?"

"अपनी सायकल दी," खुशी म्हणाली. "फिर ठीक हो गया तो वापस माँगने लगा. मैं बोली, मैंने तुझे दिया वो वापस माँगा क्या? तब से चुप है."

भाभी हसल्या, शेजारचा दुकानदार हसला. ताई हसली नाही. ती त्या पोरीकडे बघत राहिली. मग तिने डोळे पुसले आणि दालपकवान आलं ते आम्ही दोघांनी मुकाट्याने खाल्लं. तिखट डाळ, वर चिंच आणि कांदा, आणि कुरकुरीत पकवान मोडताना शर्टावर सांडलेला चुरा. इतक्या अवघडलेल्या प्रसंगातही ते मला आवडलं हे कबूल करतो, दुसरंही घेतलं.

रिक्षात ताई म्हणाली, "सकाळची गाडी चुकली ना तुजी."

"चुकली," मी म्हणालो.

"मंग ऱ्हा."

प्राची कामावरून आली तेव्हा ताईने मशीन बंद केलं आणि तिला समोर बसवलं. मग ताईने माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे. प्राची आम्हा दोघांकडे बघून म्हणाली, "तुम्ही दोघं मला विचारणार आहात की मीच हो म्हणू?"

तिला सगळं माहीत होतं. निलेशने तिला महिन्यापूर्वीच आजाराचं सांगितलं होतं आणि वर बजावलं होतं की घरच्यांनी विचारल्याशिवाय हो म्हणू नकोस, आत्याला वाईट वाटेल. राहिलेली गोष्ट, कुणाच्या पोटची ती, तिला दहावीतच कळली होती, गावच्या कुणा लग्नात, दोन बायकांच्या बोलण्यातून, आणि तिच्याकडून निलेशला.

"मला का न्हाय विचारलंस मंग?" ताई म्हणाली.

"तू सांगितलं नाहीस म्हणून," प्राची म्हणाली. "मला वाटलं, तुला सांगायचं नसेल. मला काय फरक पडणार होता? आई तूच आहेस." तिने ताईचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि दाबायला लागली. दिवसभर मशीन मारून ताईच्या पोटऱ्या दुखतात, ते तिचं रोजचं काम असावं. मी गॅलरीत जाऊन कढीपत्त्याशेजारी उभा राहिलो. तिथून मी सुनंदाला फोन लावला.

बुधवार, पुन्हा उल्हासनगर

भाभींनीच एका रक्त घेण्याच्या केंद्राचा पत्ता दिला होता. तिथं अशी जुळणीची रक्तं रोजच येतात.

शेवटचा प्रसंग सांगण्याआधी त्या रक्ताचं पुढे काय झालं ते सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहायला नको. जुळलं. पूर्ण जुळलं, आणि प्राचीला तो आजारही निघाला नाही. ट्रान्सप्लान्ट मुंबईत झालं. सोपं नव्हतं. दोन वेळा आम्हाला वाटलं होतं की हातातलं जातंय. प्राचीची कमर तीन दिवस दुखली आणि चौथ्या दिवशी ती कामावर गेली. निलेशच्या यकृतावर जे व्रण पडले होते ते आहेत, पण डॉक्टर म्हणतात नवा गाळ येत नाही. आता दोन वर्षं झाली. तो आमच्या खळ्यात बसून आंबे निवडतो, भर उन्हात, आणि मी त्याला सावलीत ये म्हणून हाक मारत नाही. ताईचे, प्राचीचे, त्या खुशीचे आणि तिच्या आईचे उपकार माझ्यावर इतके आहेत की फेडायचा विचारही मी करत नाही. नुसते मानतो, रोज.

तर बुधवार. केंद्रात गर्दी होती. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म पुढे केला. पेशंटचं नाव, वय, डोनरचं नाव, वय. मी चष्मा लावून भरत होतो. पुढे एक ओळ होती, डोनरचं पेशंटशी नातं. आणि मी, जो त्याच नात्यासाठी चार दिवस त्या चार गावांतून फिरलो होतो, त्याने सवयीने लिहिलं: आतेबहीण. चोवीस वर्षांची सवय. हाताने आपोआप लिहिलं आणि मी फॉर्म परत दिला.

बाईंनी वाचलं. "आतेबहीण? काका, कझिन का मॅच नहीं होता जल्दी. सख्खं भावंड नाही का कुणी? उगाच पैसे नि वेळ जाईल तुमचा."

मी फॉर्मकडे बघत राहिलो. पेन माझ्याच हातात होतं, पण मला खोडता येईना. खोडलं असतं तर ते मी परत मागितल्यासारखं झालं असतं. प्राचीने तोंड उघडलं, पण ताईने तिच्या हातावर हात ठेवला. मग काउंटरवर झुकली आणि बाई जणू बहिऱ्या आहेत अशा मोठ्याने, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं बोलली.

"ते खोडा. सख्खी बहीण लिहा."

बाईंनी खोडलं, लिहिलं, आणि पेन तसंच धरून वर पाहिलं. "तुम्ही पेशंटच्या कोण?"

"आत्या."

"आणि डोनरच्या?"

"आई," ताई म्हणाली.

बाईंचं पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं. त्यांनी ताईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत फॉर्मकडे पाहिलं. मागची रांग थांबली होती. तेवढ्यात प्राची आम्हा दोघांच्या मधून पुढे झाली आणि बाही वर सारायला लागली.

"बरोबर आहे मॅडम, दोन्ही लिहा," ती म्हणाली. "कुठला हात देऊ?"